जुनी सायकल, नवा रंग आणि दुरुस्तीचे लेखाशीर्ष

२०२५ च्या दिवाळीआधी मी माझी सायकल पूर्ण उघडून, रंगवून, पुन्हा बांधून घेतली. एवढ्या क्षुल्लक विषयावर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. परंतु या कामाला सहा दिवस लागायचे ते तेवीस लागले, आणि मधल्या दिवसांत जे घडले त्यामुळे माझ्याच सहीने निघालेला पंधरा वर्षांपूर्वीचा एक आदेश मला आठवला. म्हणून हा प्रपंच.

सायकलीची कुंडली आधी सांगतो. २००३ साली केंद्रात प्रतिनियुक्तीवर आलो तेव्हा झंडेवालानच्या सायकल बाजारातून ती घेतली. काळी, दणकट, २८ इंची चाकांची ॲटलस. ही कंपनी जानकीदास कपूर यांनी १९५१ मध्ये सोनीपतला सुरू केली. म्हणजे ही सायकल एका अर्थाने राजधानी परिसराचीच लेक. पुढे माझ्या बदल्यांबरोबर ती महाराष्ट्रात गेली, ट्रकमधल्या सामानात कपाटांच्या मागे उभी राहून तीन जिल्हे फिरली आणि २०२३ मध्ये माझ्याबरोबर पुन्हा दिल्लीत आली. आर. के. पुरमच्या सरकारी निवासस्थानातून शांतिपथाने कर्तव्यपथाच्या दिशेने कार्यालयात जाणे हा माझा रोजचा क्रम. शांतिपथ रुंद आहे, झाडे आहेत, सकाळी वर्दळ कमी असते. भवनाच्या फाटकावरचा जवान मोटारीला सलाम करतो आणि सायकलला "किधर?" विचारतो, एवढाच काय तो फरक. ओळखपत्र दाखवले की त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटतो, त्याची मला आता सवय झाली आहे.

बावीस वर्षांत सायकल थकली होती. पायडलच्या आसाखालचा भाग गंजला होता, मागच्या मडगार्डला भोक पडले होते, चाकात आऊट आला होता आणि कॉटर पिन झिजल्यामुळे प्रत्येक फेरीला 'कट्' असा आवाज येत होता. सहकाऱ्यांचा सल्ला एकमुखी होता: टाकून द्या, नवी घ्या. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. त्यामुळे नवी घेण्याच्या बाजूने आर्थिक युक्तिवादही तयार झाला. एका सहकाऱ्याने तर आमच्या भाषेत निकाल दिला, "सर, ही निर्लेखनास पात्र आहे."

निर्लेखन हा शब्द ऐकून मी थबकलो. सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार एखादी वस्तू मोडीत काढायची तर ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी झाल्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. व्यवहारात मात्र आपण हा क्रम उलटा करतो. नवी वस्तू घ्यायचे आधी ठरते आणि मग जुनी निरुपयोगी असल्याची टिपणी लिहिली जाते. माझ्या सायकलचा सांगाडा सरळ होता, एकही सांधा सुटला नव्हता. ती निरुपयोगी आहे असे मी कोणत्या तोंडाने लिहिणार होतो?

मी ती उस्तादांकडे नेली. आर. के. पुरम आणि मुनीरका यांच्या मधल्या एका पदपथावर, पिंपळाखाली, त्यांचे दुकान. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक पंप, पंक्चर शोधायची पाण्याची घमेली आणि फांदीला टांगलेले जुने टायर. मूळचे मधुबनीकडचे, वय साठीच्या पुढे. त्यांचे खरे नाव परिसरात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून येथेही त्यांना उस्तादच म्हणतो. त्यांनी सायकल उलटी केली, पायडलच्या नळीवरचा गंज नखाने खरवडला, सांगाड्यावर पान्याने दोन ठिकाणी टकटक केली आणि म्हणाले, "हड्डी ठीक है, साहब. चमड़ी बदल देंगे."

पुढचे चार दिवस मी रोज संध्याकाळी तेथे उभा राहून जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. कॉटर पिन बावीस वर्षे जागची हलली नव्हती. उस्तादांनी रात्रभर तिला तेल पाजले आणि सकाळी खाली लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन एकाच नेमक्या घावात बाहेर काढली. आधार न देता ठोकले तर छर्ऱ्यांच्या वाट्या फुटतात. मग हँडल, फोर्क, चाके, ब्रेकच्या काड्या असे एकेक निघाले. पुढच्या चाकात दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे, मागच्या चाकात नऊ-नऊ, पायडलच्या आसाला अकरा-अकरा. छर्रे बदलायचे तर सगळे एकदमच, कारण जुन्यांत नवे मिसळले की भार नव्यांवरच येतो. ऐकताना मला आमच्या कार्यालयातील रिक्त पदे आठवली.

रंगाबाबत दोन पर्याय होते. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर इनॅमल फवारायचे; किंवा पावडर कोटिंग. दुसऱ्या प्रकारात जुना रंग पूर्ण काढतात, धातूवर रासायनिक प्रक्रिया करतात, कोरडी पावडर विजेच्या भाराने चिकटवतात आणि सांगाडा साधारण दोनशे अंश तापमानाच्या भट्टीत ठेवतात. सांगाड्याचे सांधे पितळेने जोडलेले असतात आणि पितळ याहून कितीतरी अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे भीती नसते. फक्त आटे असलेल्या जागा आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर रंग आट्यांत बसतो आणि पुन्हा काही जुळत नाही. मायापुरीतील एका कारखान्यात उस्तादांची ओळख होती. सांगाडा तेथे पाठवताना त्यांनी त्यावर ठोकलेल्या क्रमांकावर चिकटपट्टी लावली. "नंबर दब गया तो साइकिल लावारिस," ते म्हणाले. खरेच आहे. मोटार वाहन कायदा सायकलला लागू नाही; तिची नोंदणी नाही, पाटी नाही. आमच्या लहानपणी नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला तरी असे. आता तोही नाही. चोरीला गेली तर ती आपली आहे हे सांगायला सांगाड्यावरचे तेवढे आकडे उरतात. जाड रंगाखाली ओळख पुसली जाते, हे त्या माणसाला कोणी शिकवले नव्हते.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माझी सायकल बनवणाऱ्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. त्या दिवशी कामगार कामावर आले तेव्हा फाटकावर काम बंदीची सूचना लागली होती. आणि तो दिवस होता जागतिक सायकल दिन. सोनीपतचा मूळ कारखाना त्याआधीच बंद झाला होता. एखाद्या मोटारीचा किंवा धुलाईयंत्राचा कारखाना असा बंद पडला तर काही वर्षांत सुटा भाग मिळेनासा होतो. पण माझ्या सायकलला लागणारी प्रत्येक वस्तू झंडेवालानमध्ये मिळाली, कारण या काळ्या सायकलींची मापे कंपन्यांनी दशकानुदशके बदलली नाहीत. एकीचा आस दुसरीला बसतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइलपासून शेती अवजारांपर्यंतच्या वस्तू आहेत. हा हक्क सायकलला कोणी न देताच मिळालेला आहे. मात्र हक्क बजावायला दोन गोष्टी लागतात: सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस. भाग बाजारात मिळतो. माणूस पदपथावर बसतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा पिंपळाखाली कोणी नव्हते. पेटी नाही, पंप नाही, घमेलीही नाही. शेजारच्या चहावाल्याने सांगितले की सकाळी गाडी आली होती. सणापूर्वी पदपथ मोकळे करण्याची मोहीम होती. माझी दोन्ही चाके पेटीला टेकून ठेवलेली होती. तीही गाडीत गेली.

मला सर्वप्रथम माझ्या चाकांची काळजी वाटली, हे प्रांजळपणे कबूल करतो. उस्तादांची आठवण त्यानंतर आली.

नऊ दिवसांनी ते भेटले. रस्त्याच्या पलीकडे एका भिंतीला टेकून, केवळ दोन पाने आणि एक हातपंप घेऊन. माझ्या तोंडून शब्द निघण्यापूर्वीच म्हणाले, "साहब, आपका सामान पूरा है." सुटे भाग त्यांनी पहिल्या दिवसापासून रॉकेलच्या डब्यात घालून घरी नेले होते. चाके दंड भरून सोडवून आणली होती. स्वतःची पेटी अजून सोडवायची होती, कारण दोन्हींचा दंड एकदम भरण्याइतके पैसे नव्हते. गिऱ्हाइकाची वस्तू आधी, आपली नंतर. मी सेवेत तीन दशके काढली. विश्वस्त या शब्दाचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कोणी समजावला नव्हता. दंडाची रक्कम मी दिली. ती त्यांनी मोजून घेतली आणि मजुरीत एक रुपयाही वाढवला नाही.

मग त्यांनी खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात त्यांची नोंद झाल्याची ती पावती होती. प्रमाणपत्र अजून मिळालेले नव्हते.

आता कायदा पाहू. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ मध्ये पथविक्रेता म्हणजे केवळ वस्तू विकणारा नव्हे. रस्त्यावर जनतेला सेवा देणाराही त्यात येतो. म्हणजे सायकल दुरुस्त करणारा, चप्पल शिवणारा, कुलपाच्या किल्ल्या करणारा, सगळेच. कलम ३ सांगते की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता किंवा हलवता येणार नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९८९ मध्ये, दिल्लीतल्याच सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे. कायदा स्पष्ट आहे. गाडी तरीही आली.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी माझ्या आदेशाकडे वळतो. २०१० च्या सुमारास मी महाराष्ट्रातील एका शहरात आयुक्त होतो. एका महत्त्वाच्या भेटीपूर्वी मुलींच्या शाळेसमोरचा रस्ता 'स्वच्छ' करण्याचा आदेश मी काढला. संध्याकाळी अहवाल आला: इतकी अतिक्रमणे हटविली, वाहतूक सुरळीत. त्या आकड्यात एक सायकल दुरुस्तीवालाही होता, हे मला महिन्याने मुख्याध्यापिकांच्या पत्रातून कळले. शाळेत शंभरावर मुली सायकलने येत. पंक्चर झालेली सायकल ढकलत त्यांना आता गावाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत होते. काहींनी सायकल आणणे सोडले होते, आणि पत्रातील शेवटचे वाक्य असे होते की दोघींचे शाळेत येणेच थांबले आहे. मी पत्रावर 'अभिप्रायार्थ' असा शेरा मारून ते खाली पाठवले. अभिप्राय आला का, त्या मुली परत आल्या का, हे मी विचारले नाही. काही महिन्यांत माझी बदली झाली. तेव्हा २०१४ चा कायदा नव्हता हे खरे. पण २००९ चे राष्ट्रीय धोरण होते, आणि ते मी वाचलेले होते.

पदपथ पादचाऱ्यांचा आहे, हे मलाही मान्य आहे. आंधळी व्यक्ती, बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत चालणारे आजोबा यांचा हक्क उस्तादांच्या हक्काहून कमी नाही. म्हणूनच कायद्याने कोणतीही जागा कोणालाही दिलेली नाही. कोठे विक्री चालेल, कोठे नाही, हे ठरवायची रीत दिली आहे. आपण ती रीत टाळतो, कारण हटवण्याचे काम एका सकाळी होते आणि त्याचा आकडा लगेच मिळतो, तर जागा आखून देण्याच्या कामाला वर्षे लागतात आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

हाच दोष दुरुस्तीच्या एकूणच विचारात आहे. नव्या वस्तूला लेखाशीर्ष असते, निविदा असते, उद्घाटन असते. परिरक्षणाला उरलेसुरले मिळते. दिल्लीतील आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. त्याच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा होता. दक्षिण दिल्लीच्या वस्त्यांतून कामाला येणारे सुरक्षारक्षक, माळी, रंगारी त्यावरून जाताना मी पाहिले आहेत. त्या मार्गाच्या गुणदोषांवर बरेच लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. २०१६ मध्ये तो उखडला गेला तेव्हा वाद बसगाड्या आणि मोटारींवर झाला. सायकलवाल्यांचे काय, हा प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मात्र रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे तर माणसांसाठी करावे, असे तेव्हाच सांगून ठेवले होते.

आणि ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मे २०२० मध्ये टाळेबंदीत पंधरा वर्षांची एक मुलगी आपल्या जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला, सुमारे बाराशे किलोमीटर, सायकलने घेऊन गेली, हे आपण सर्वांनी वाचले. तिच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले. ती सायकल जुनी, वापरलेली होती, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. संकटात गरिबाच्या हाती येते ती दुसऱ्याने वापरलेली सायकल, आणि तशी सायकल रस्त्यावर राहते ती उस्तादांसारख्या माणसांमुळे.

काय करता येईल? मोठ्या योजनेची गरज नाही. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात दुरुस्ती सेवा ही स्वतंत्र वर्गवारी असावी, आणि प्रत्येक मेट्रो स्थानक, मोठी शाळा व बाजार यांच्याजवळ निदान एक अशी जागा आराखड्यातच राखून ठेवावी. सहा फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरते. दुसरे, महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आणि बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जातात. ती तरतूद मंजूर करतानाच पुढील काही वर्षांच्या दुरुस्तीचा छोटा हिस्साही मंजूर व्हावा. हे अशक्य नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांची देखभाल करारातच घातली आहे. रस्त्याबाबत जे शहाणपण शासनाला सुचले, ते त्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलबाबतही सुचू शकेल. तिसरे, निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावात 'दुरुस्तीचा अंदाजित खर्च' हा रकाना सक्तीचा असावा, आणि तो रिकामा असेल तर नस्ती परत जावी.

माझ्या सायकलचा हिशेब देतो. रंग, छर्रे, कॉटर पिना, मागचे मडगार्ड, दोन टायर, ट्यूब, ब्रेकची रबरे आणि मजुरी मिळून चार हजार शंभर रुपये. चाकांचा आऊट उस्तादांनी भिंतीला टेकून, मागच्या चाकाच्या चाळीस आणि पुढच्या बत्तीस तारांपैकी एकेक सैल-घट्ट करत काढला. सांगाड्यावर काळ्या रंगाऐवजी मी गडद हिरवा घेतला. वरून सोनेरी रेघा मायापुरीच्या भट्टीत होत नाहीत. त्या उस्तादांनी लांब केसांच्या ब्रशाने हाताने ओढल्या. एक किंचित वाकडी आहे. क्रमांक स्वच्छ वाचता येतो.

एक गोष्ट राहिली. संबंधित कार्यालयातील अधिकाऱ्याला मी फोन केला असता, तर उस्तादांची पेटी त्याच दिवशी सुटली असती आणि पिंपळाखालची जागाही बहुधा परत मिळाली असती. मी फोन केला नाही. साहेबाच्या ओळखीने मिळालेली जागा साहेबाच्या बदलीबरोबर जाते, आणि जे हक्काचे आहे ते मेहेरबानी म्हणून घ्यायची सवय लागते, असे मला वाटले. त्याऐवजी एका रविवारी आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला: कलम ३, सर्वेक्षणाच्या पावतीची प्रत, जागेचे वर्णन. उस्तादांनी सही केली, स्वतः नेऊन दिला, आवक क्रमांक घेतला. पेटी त्यांनी पुढच्या आठवड्यात दंड भरूनच सोडवली. त्या दंडाला माझी मदत त्यांनी नाकारली.

अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. माझे तत्त्व मला परवडते, कारण भिंतीच्या उन्हात मी बसत नाही. हे रोज सकाळी तेथून जाताना जाणवते. उस्ताद हात वर करतात, मी घंटी वाजवतो. त्यांनी अद्याप मला फोन करा असे म्हटलेले नाही. ते म्हणाले, तर काय करीन, हे मी ठरवलेले नाही.